शेंदराखालचा दगड

शिमग्याची पालखी साकवावरून पार झाली, त्यानंतरचा तिसरा दिवस. जबाबदार: ओव्हरसीअरसाहेब. त्यांनी खांबावर हातोडी एकदा मारली. दुसऱ्यांदा मारली नाही.

पाडव्याची सकाळ. जबाबदार: साकव-दुरुस्ती कमिटीचे अध्यक्ष. ज्या खांबापाशी ते कधी उभे राहिले नाहीत, तो धोकादायक असल्याच्या हुकुमाखाली त्यांनी सही केली.

अक्षय्य तृतीयेनंतरचा पहिला बाजारवार. जबाबदार: वाडीतील सर्व मंडळी, आणि तेही भक्तीपोटी. यांच्यावरचा आरोप मी मागे घेतो. नोंद मात्र पुसत नाही.

मृग निघण्याच्या आधीचा आठवडा. जबाबदार: पुन्हा ओव्हरसीअरसाहेब, आणि खांब फोडण्याचा मक्ता घेतलेले गृहस्थ. त्या दिवशी खांबाने स्वतः साक्ष दिली आणि ती कोणी लिहून घेतली नाही.

गौरी येण्याचा दिवस. जबाबदार कोण, एवढेच मला विचारायचे आहे, आणि त्यासाठीच हे लिहितो आहे.

माझे आयुष्य महाडच्या कोर्टात कागद लावण्यात गेले. वादी काय म्हणतो, प्रतिवादी काय म्हणतो, आणि या दोघांच्या मध्ये कुठेतरी मुकाट उभी असलेली वस्तू कोणती, हे ओळखण्याची सवय हाडात मुरली आहे. ती वस्तू कधी बांध असते, कधी विहीर, कधी आंब्याचे झाड. तिला कोणी काही विचारत नाही. सेवानिवृत्त झाल्यावर मी जे अर्ज लिहिले, ते सगळे अशाच एका मुक्या वस्तूच्या वतीने लिहिले. ती वस्तू म्हणजे माझ्या बहिणीच्या वाडीला जाणाऱ्या साकवाचा, म्हणजे ओढ्यावरच्या फळ्यांच्या पुलाचा, दगडी खांब.

महाडहून पोलादपुराकडे जाणाऱ्या मोटारीतून एका बेहड्याच्या झाडापाशी उतरावे. तिथून पायवाट भाताच्या खाचरांतून उतरत उतरत ओढ्यापाशी जाते. उन्हाळ्यात त्या ओढ्यात गुरे बसतात. आषाढात तो पाहिला तर हाच तो ओढा यावर विश्वास बसत नाही. सावित्री नदीला भेटायची त्याला इतकी घाई असते की वाटेत आडवे येणारे झाडही तो सोबत घेऊन जातो. या ओढ्याच्या मध्यावर एक काळा दगडी खांब उभा होता. अखंड एका दगडाचा. त्याच्या दोन्ही अंगांना खाचा होत्या आणि त्या खाचांत दोन काठांवरून आलेल्या ऐनाच्या फळ्या बसत. फळ्यांच्या वर खांबाचे डोके कंबरेइतके निघालेले असे. जाणारायेणारा त्यावर हात ठेवून क्षणभर थांबे आणि मग पुढे जाई. वाडीत त्याला राखणदार म्हणत. डोक्यापासून पाण्यापर्यंत त्याला शेंदूर लावलेला असे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक चढत गेल्यामुळे खांबाचा खरा आकार कोणालाच माहीत नव्हता. मऊ, गोलसर, नारिंगी असे काहीतरी पाण्यात उभे आहे, एवढेच दिसे. दुपारच्या उन्हात त्याचे प्रतिबिंब हलायचे आणि वाटायचे, पाण्याखाली कोणीतरी निखारे पेरून ठेवले आहेत.

माझी थोरली बहीण या ओढ्यापलीकडे दिलेली. मेहुणे लवकर गेले. एक मुलगी, ती शिकायला गेली आणि शिकतच राहिली. ताई एकटी त्या घरात राहत असे. मी दरवर्षी वैशाखात जाऊन एकच अर्ज तोंडी सादर करी, की आता महाडला चल. आणि ती तो दरवर्षी फेटाळी.

"माझी गाय, माझी खाचरं, माझा झोपाळा सगळं या अंगाला हाय," ती म्हणे. "तू तुझं कोर्ट घेऊन इकडं ये की."

इतकी वर्षे तिकडे काढून तिची भाषा वाडीची झाली होती. मला त्याचे वाईट वाटे आणि ती बोलू लागली की बरेही वाटे.

ताईची एक गोष्ट ठरलेली होती. वर्षातून एकदा, गौरी यायच्या दिवशी, ती साकव ओलांडून माझ्या घरी माहेरपणाला येई. भर पावसात, डोक्यावर इरले घेऊन, खाली ओढा गर्जत असताना राखणदारावर हात टेकवून ती येई. साकव पाडायचा हुकूम झाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर प्रथम तो हात आला. साकव नसेल तर पावसाचे चार महिने ती त्या तीरावर आणि सारे वैद्य, औषधे, भावंडे या तीरावर. नवा साकव पुढच्या वर्षी बांधू, असे हुकुमात लिहिले होते. पुढच्या वर्षी या शब्दांत किती वर्षे मावतात, हे कोर्टात काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

हुकुमाचे कारण एका ओळीचे: "खांब हातोडीने तपासला असता पोकळ आवाज आला, सबब आतून फुटला असावा."

ताईची ही मुलगी, माझी भाची, मुंबईच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते. मी तिला हुकुमाची नक्कल पाठवली. तिचे उत्तर उलट टपाली आले: "मामा, त्यांनी कोणाला हातोडी मारली, दगडाला की शेंदराला?"

मी ते वाक्य वाचून खुर्चीतून उठलो, ओटीवर येरझारा घातल्या आणि परत बसलो. जन्मभर साक्षी वाचूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता.

सुट्टी लागल्यावर ती बोटीने दासगावला आली आणि तिथून मोटारीने महाडला. बरोबर दोन जड पेट्या. मोटारवाल्याने त्या टपावर चढवताना विचारले, "बाई, ग्रामोफोन का? एखादी लावणी लावा की वाटेत." तिने शांतपणे सांगितले, की या पेटीतले गाणे माणसाला ऐकू येत नाही. पोलादपुराच्या वाटेवर सगळी मोटार त्या गाण्याबद्दल बोलत होती.

वाडीत पोचलो तर ताईच्या शेजारची म्हातारी पेट्यांवर वाकली. "गो बाय, ही गाती म्हणं?"

"गाते. पण कानाला कळत नाही."

"मंग आमच्या म्हाताऱ्या घोवाला लाव. त्याला तरी कुठं काय कळतंय!"

ताई इतकी हसली की तिला झोपाळ्याची कडी धरावी लागली.

त्या दुपारी भाचीने मला तिची विद्या समजावून दिली. बाहेर ऊन पांढरे झाले होते. खाचरांवरून गरम वाफ थरथरत होती आणि पलीकडचा डोंगर त्या वाफेत तरंगल्यासारखा दिसत होता. ती झोपाळ्यावर बसली होती, मी उंबऱ्याशी.

"मामा, दगडसुद्धा दबतो. आपल्याला दिसत नाही इतका थोडा. आणि सोडला की परत होता तसा होतो. याला स्थितिस्थापकता म्हणतात. दगड जितका ताठ, तितका तो लवकर परत येतो, आणि आवाज त्यातून तितका वेगाने पळतो. वेग मोजला आणि दगड किती जड ते माहीत असलं, की तो किती ताठ आहे ते सांगता येतं. न तोडता."

"आणि आत फट असली तर?"

"फटीत हवा असते. माझा आवाज इतका बारीक आहे की तो हवेत शिरतच नाही. फटीपाशी पोचला की मागे फिरतो."

"म्हणजे पत्ता न सापडल्यामुळे नोटीस बजावल्याशिवाय परत आली, असं."

"मामा, तुम्ही देवाघरी गेलात तरी तिथल्या दारावर नोटीस चिकटवाल!"

मग तिने पेटी उघडली. कापसात ठेवलेली गारगोटीची एक चकती काढली, नखाएवढी, काचेसारखी. आमच्या डोंगरात वाटेवर पडलेली जी गारगोटी, तीच. फक्त नेमक्या दिशेने कापलेली. तिला विजेचा झटका दिला की ती आक्रसते आणि फुगते, सेकंदात हजारो वेळा, आणि ज्या वस्तूला चिकटवली असेल तिच्यात तो कंप पाठवते. दुसरी तशीच चकती समोरच्या अंगाला लावायची; ती कंप ऐकते आणि त्याची पुन्हा वीज करते. दोन चकत्यांच्या मधला जो मुलूख, त्याची खबर अशी मिळते. आवाजाचा सूर हळूहळू चढवत नेला की ठराविक जागी दगड एकदम प्रतिसाद देतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी पायाने रेटा द्यावा आणि तो उंच जावा, तसे. एका प्रतिसादापासून दुसरा किती दूर, यावरून वेग निघतो. गेल्या दिवाळीत ज्या कातळातून हा खांब काढला असे वाडी मानते, त्याचा एक तुकडा तिने आपल्या अभ्यासासाठी नेला होता. त्याच्या कांड्या कापून तिने मुंबईत मोजल्या होत्या. सलग दगडात वेग किती असावा, हे तिला पाठ होते.

ती बोलत होती तेव्हा तिचा पाय जमिनीला टेकून झोपाळ्याला किंचित हलवीत होता. कडी कुरकुरत होती. जमीन, झोपाळा, डोंगर, सगळे कसल्याशा अतिसूक्ष्म लयीत दबते आहे आणि परत येते आहे, असे मला त्या दुपारी वाटले. कायद्यातही अशी कल्पना आहे. ज्याचे हिरावले गेले, त्याला पूर्वीच्या स्थितीत आणून ठेवावे. दगड ते कोणी न सांगता करतो.

चकत्या चिकटवायला दगड उघडा हवा. म्हणजे शेंदूर खरवडायला हवा. हे ऐकताच वाडीचा गुरव कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"राखणदाराला खरवडायचं? वकीलसायेब, ती काय तुमची दाढी नाय."

मी वकील नाही, कारकून होतो, हे मी त्याला अनेकदा सांगितले आहे. वाडीत त्याची दखल घेतली जात नाही.

भाचीने वाद घातला नाही. "गुरवकाका, कौल लावा. देव नको म्हणाला तर मी पेटी बांधून परत जाते."

आमच्याकडे देवाच्या अंगावर ओले तांदूळ चिकटवून प्रश्न विचारतात. उजवीकडचा दाणा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. गुरवाने दाणे लावले. सगळी वाडी फळ्यांवर आणि काठावर उभी. उजवा दाणा पडला, पण पडण्याआधी इतका वेळ लोंबकळला की गुरवाने त्याचा अर्थ लावला: परवानगी आहे, पण तळहाताएवढीच, दोन अंगांना, पाण्याजवळ, आणि हत्यार लोखंडाचे नको. ताईने करवंटी दिली. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून भाचीने करवंटीने शेंदूर खरवडला. थरामागून थर निघत गेला; आणि शेवटी दोन्ही अंगांना तो काळा, थंड, ओला दगड दिसला. माझ्या हयातीत त्याला प्रथमच ऊन लागत होते.

तिने मेणाच्या पातळ थराने चकत्या चिकटवल्या. गुरव वरून पाहत होता. "ह्यो पण कौलच की गो," तो म्हणाला. "फक्त दाणा पडायचा नाय, एवढंच."

मला तिने कानावर हेडफोन चढवला. न ऐकू येणारे दोन आवाज एकमेकांच्या अगदी जवळ आणले की त्यांच्यातला फरक ऐकू येतो, अशी तिने पेटीत व्यवस्था केली होती. ती बटण फिरवीत गेली. आधी नुसती खरखर. मग खोल कुठूनतरी एक सूर वर आला, फुलला, आणि विरला. पुन्हा आला, आणखी उंच. दासगावच्या बंदरात धुक्यातून बोटीचा भोंगा येतो आणि बोट दिसत नाही, तसा. माझ्या पायांवरून पाणी वाहत होते. ओढ्याचा आवाज हेडफोनमुळे बंद झाला होता. जगात फक्त मी आणि तो दगड होतो, आणि इतकी वर्षे ज्याला कोणी काही विचारले नाही तो बोलत होता.

"सलग आहे," भाची आकडे मांडून म्हणाली. "कांडीत होता तोच वेग. मामा, आत काहीही झालेलं नाही."

ताईने हट्टाने हेडफोन मागून घेतला. पदर सावरून, डोळे मिटून ती ऐकत राहिली. "लांब कुणीतरी जात्यावर बसलंय," ती म्हणाली. मग हेडफोन उतरवून तिने लेकीच्या हातात दिला.

मी त्याच दिवशी अर्ज लिहिला: कमिटीने प्रत्यक्ष हजर राहून, उभयपक्षांच्या समक्ष खांबाची फेरतपासणी करावी. आश्चर्य म्हणजे तो मान्य झाला. पुढचा बाजारवार ठरला.

त्या दिवशी आम्ही ओव्हरसीअरसाहेबांना घेऊन बेहड्याच्या झाडापासून खाली उतरलो. अध्यक्ष आले नाहीत. वळण संपले आणि ओढा दिसला, तशी माझ्या पुढे चालणारी भाची थांबली. मी तिच्या खांद्यावरून पाहिले.

राखणदार पेटला होता. आपादमस्तक नवा शेंदूर. तेल ओघळून पाण्यावर इंद्रधनुष्याची साय पसरली होती. गळ्यात झेंडूचा हार, डोक्यावर नारळ. आमच्या दोन्ही उघड्या जागा त्या लेपाखाली नाहीशा झाल्या होत्या.

वाडी ओळीने उभी होती, धुतलेल्या कपड्यांत. गुरव पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही दिसतो.

"सायेब येनार म्हनून काल सगळ्यांनी मिळून चढवला. राखनदाराची लाज राखायला नको?"

भाची पाण्यात उतरली. तिने रुमालाने पुसले, ताईने आणलेल्या राखेने घासले. तेल दगडात आणि जुन्या लेपात शिरले होते. मेण बसेना, चकती बोटाखालून सरके. तिने दोनदा लावली, दोनदा ती निसटली. दुसऱ्यांदा पाण्यातून ती तिने चाचपडत शोधून काढली. तिने वर पाहून विचारले, पुन्हा खरवडू देता का. गुरव अस्वस्थ झाला. "काल चढवला तो आज कसा काढायचा, बाय? आवस जाऊ दे. मंग कौल लावतो."

ओव्हरसीअरसाहेबांनी घड्याळ पाहिले. फळीवर वाकून त्यांनी हातोडी मारली. भद्‌, असा आवाज आला; ओल्या पोत्यावर मारल्यासारखा.

"ऐकलंत?"

"आपण शेंदूर तपासलात," मी म्हणालो. "दगड नव्हे."

"मग दगड दाखवा," ते म्हणाले, आणि त्यांनी कागदावर लिहिले: उभयपक्षांच्या समक्ष तपासले, पोकळ.

हे उत्तर बिनतोड होते. माझ्या रागाचे निम्मे कारण हेच आहे. पण मी त्याच जागी, त्याच कागदाखाली हरकत लिहून मागितली, की अमावास्येनंतर लेप काढून पुन्हा तपासावे. त्यांनी ती लिहून घेतली. म्हणजे त्यांना माहीत होते. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मी वाडीवर चिडलो होतो. परतताना भाची म्हणाली, "मामा, रागावू नका. त्यांनी आपल्या साक्षीदाराला नवे कपडे घालून कोर्टात उभं केलं. तुम्हीही पक्षकारांना तेच सांगायचात ना?" मी आयुष्यभर तेच सांगत आलो होतो.

अमावास्येनंतर गुरवाने शब्द पाळला, कौल लावला आणि तो उजवा मिळाला. मी कमिटीला चार पत्रे लिहिली. एकालाही उत्तर नाही. भाचीची सुट्टी संपली. पेट्या माझ्या घरी ठेवून ती बोटीने गेली.

मग मृगाच्या आधीच्या आठवड्यात मक्तेदाराची माणसे आली. फळ्या काढून काठावर रचल्या. ओव्हरसीअरसाहेब छत्री उघडून बसले. मी हरकतीचा कागद हातात धरून उभा होतो. त्यांनी तो घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला.

पहिला घाव बसला आणि शेंदराचे कवच तडकले. दुसऱ्या घावाला ते मोठ्या खापऱ्यांनी गळू लागले. वरचा थर नारिंगी, आतला विटेसारखा, त्याच्या आतला पिकल्या रातांब्यासारखा काळपट लाल. किती जणांच्या हातांचा तो, देव जाणे. खापऱ्या पाण्यावर आपटून बुडत होत्या. आणि मग दगड उघडा पडला, आणि त्यावर घण बसला.

तो वाजला.

घंटा वाजते तसा नव्हे. अधिक खोल, अधिक लांब. आवाज खाचरांवरून गेला, पलीकडच्या डोंगराला लागून परत आला, आणि तो परत येईपर्यंत इकडचा थांबलेला नव्हता. चरणारी गुरे मान वर करून उभी राहिली. ताई पिठाचे हात घेऊन अंगणात आली. घण पुन्हा बसला, पुन्हा तोच सूर. हेडफोनमध्ये मी जे ऐकले होते, ते आता साऱ्या खोऱ्याला ऐकू येत होते. मला आठवते, त्या क्षणी मला राग आला नाही. मला झोप येते आहे आणि कोणीतरी माझे नाव घेऊन लांबून हाक मारते आहे, असे काहीसे वाटले.

घणवाल्याने घण खाली ठेवला. "सायेब, ह्यो वाजतोय."

"वाजू दे," ओव्हरसीअरसाहेब म्हणाले.

दगड घणाला दाद देईना. शेवटी त्यांनी खाचांच्या रेषेवर पाचरी मारल्या आणि दुपार टळल्यावर तो दुभंगला. गुरव पाण्यात उतरून कवचाच्या खापऱ्या टोपलीत गोळा करीत होता. फुटलेल्या जागी दगड आतून कोरा होता, निळसर काळा, कणभरही फट नसलेला. मी ओव्हरसीअरसाहेबांना तो पाहायला बोलावले. त्यांनी छत्री मिटली आणि ते मोटारीकडे गेले.

मी ताईला म्हणालो, आता तरी चल. ती म्हणाली, भाताची दाढ पेरलीय. रोपं कोण बघणार?

गौरी यायच्या आदल्या दिवशी बेहड्यापासून मोटारीने मला निरोप आला. पाणी जरा ओसरले असताना पलीकडून एकाने दोन्ही हातांचा भोंगा करून इकडच्या गुराख्याला ओरडून सांगितला होता: ताईला ताप आहे. सकाळी मी डॉक्टरांना घेऊन ओढ्यावर गेलो. पाणी तांबडे, खाचरांच्या बांधाला लागलेले. जिथे राखणदार होता तिथे पाणी जरासेही अडत नव्हते, सरळ जात होते.

त्या तीरावर चौघांनी घोंगडीत घालून तिला आणले. तिने उठून बसायचा हट्ट केला असावा. कोणीतरी तिच्यावर इरले धरले. हिरवे लुगडे नेसली होती, माहेरी येताना नेसायची ते. डॉक्टरांनी पुड्या मेणकापडात बांधल्या, वाडीच्या वाटेवरच्या एका गड्याने त्या नारळाच्या सोडणात घालून दोरीने आवळल्या आणि सगळ्या ताकदीने फेकल्या. सोडण हवेत वर गेले. फार वेळ वर होते, असे मला आठवते. मग ते मधल्या पाण्यात पडले आणि लगेच दिसेनासे झाले. दुसरे फेकले, तेही.

ताईने हात वर केला. ती काहीतरी बोलली. मी तिचे ओठ हलताना पाहिले. ओढ्याच्या गर्जनेत एक अक्षर आले नाही. मी ओरडलो, "काय म्हणालीस?" माझे मलाच ऐकू आले नाही. तिने पुन्हा सांगितले, सावकाश, मान किंचित कलती करून, लहानपणी मला एखादी गोष्ट समजावताना करायची तशी. मग पुढे हात केला, हवेत, फळीवरून येताना राखणदारावर टेकवायची त्या उंचीवर, आणि तो तसाच धरला.

अनंत चतुर्दशीच्या आत ती गेली.

ताप ओढ्यामुळे आला, असे माझे म्हणणे नाही. औषधाने ती वाचलीच असती, असेही मी शपथेवर सांगू शकत नाही. कारण आणि परिणाम यांतले अंतर मी जाणतो. माझे म्हणणे इतकेच आहे की औषध या तीरावर राहिले, आणि ज्या हुकुमामुळे ते राहिले त्याचा आधार एक हातोडी आणि शेंदराचा एक थर, इतकाच होता.

दिवाळीत भाची आली. पाणी उतरले होते. वाडीच्या गड्यांनी खांबाचा वरचा अर्धा भाग ओढ्यातून काढून बेहड्याच्या झाडाखाली आणून ठेवला होता. त्याला आता कोणी शेंदूर लावत नाही. गुरव म्हणतो, राखणदार त्यातून गेला, हा नुसता दगड. भाचीने त्या नुसत्या दगडाला चकत्या लावल्या, बराच वेळ बटण फिरवले, आणि हेडफोन माझ्या कानावर ठेवला. तोच सूर होता. लांब कुणीतरी जात्यावर बसले होते. भाचीने तोंड फिरवले. तिला आईचे ते वाक्य आठवले असणार, मलाही आठवले.

दुपारी डोळा लागतो तेव्हा कधीकधी मी त्या पाण्यात उभा असतो. पाणी निवळशंख, मुळीच आवाज न करणारे. ताई पलीकडून बोलत असते आणि मला सगळे ऐकू येते. जाग आल्यावर एक शब्द आठवत नाही.

नवा साकव झालेला नाही. येत्या शिमग्याला वाडीची पालखी ओढ्यापाशी येऊन थांबेल. ती पाण्यातून न नेता त्या काठावरच ठेवून सारे लोक ओढा ओलांडून इकडे, बेहड्याच्या झाडाखाली जमतील, असे गुरवाने कळवले आहे. कमिटीच्या अध्यक्षांना आणि ओव्हरसीअरसाहेबांना मी या लेखाद्वारे तिथे हजर राहण्यास सांगतो. कचेरीचे पत्र चालणार नाही, शिपायाकरवी निरोप चालणार नाही. त्यांनी आपली तीच हातोडी बरोबर आणावी. झाडाखालच्या दगडावर तिचा एक घाव घालावा, आवाज पुरता विरेपर्यंत थांबावे, आणि मग वाडीसमोर, माझ्या भाचीसमोर, मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे: हा दगड फुटका होता काय?